थेंबाची पकड

"सूनबाई काय काम करते हो तुमची?" असं कुणी विचारलं की सासूबाई सांगायच्या, "दिवसभर कारखान्यात चिकटपणा मोजते आणि संध्याकाळी घरी येऊन तो काढते."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दुसरी जरा जास्तच. ही सून इतकी टापटिपीची होती की तिच्या घरात शिरण्याआधी माश्या उंबऱ्यावर पाय पुसून घेत. भिंतीवरच्या घड्याळाची काच पुसता पुसता आतले आकडेसुद्धा पुसट झाले होते, म्हणून त्या घरात वेळ अंदाजाने सांगायची पद्धत पडली होती. सासूबाईंच्या लोखंडी तव्यात दोन पिढ्यांचं तेल मुरलेलं होतं. ते तिने एका दुपारी घासून घासून काढलं, तवा चांदीसारखा केला, आणि त्यानंतर त्या तव्यावरून एकही वस्तू धड सुटून आली नाही. पुढे कित्येक दिवस सासूबाई सुनेशी थेट बोलत नव्हत्या, तव्यामार्फत बोलत होत्या. "तव्या, तिला सांग मीठ संपलंय." नवरा जहाजावर स्वयंपाकी होता. तो सुट्टी लवकर संपवून परत जायचा आणि तिकडे सांगायचा की समुद्र बरा, निदान अंगावर मीठ तरी राहू देतो.

कारखान्यात मात्र तिला मान होता. तो कारखाना उड्या मारायचे पोल बनवायचा. बांबूउडी म्हणतात त्या खेळाला. त्यात बांबू राहिलेला नाही इतकंच. काचेच्या बारीक धाग्यांचं कापड राळेत भिजवायचं, पोलादी दांड्यावर गुंडाळायचं, लांबलचक भट्टीत भाजायचं आणि दांडा ओढून काढायचा, की झाला पोल. भट्टीचा सगळा कारभार एका जाड्या, टकल्या माणसाकडे होता. त्याला लहानथोर सगळे भट्टीकाका म्हणत. आणि या बाईला सगळे सीमाबाई म्हणत. तिचं खरं नाव वेगळंच होतं, पण तिचं काम सीमेवरचं होतं, म्हणून हे नाव पडलं आणि बसलं.

कसली सीमा, तर धागा संपतो आणि राळ सुरू होते तिथली. धागा ताठ स्वभावाचा, राळ सगळ्यांना सांभाळून घेणारी. दोघांच्या मधे एक पट्टा असतो. माणसाच्या केसाचे हजार उभे काप केले तर त्यातल्या एखाद्या कापाएवढा. तो ना धड धागा, ना धड राळ; दोन्हीकडचे नातेवाईक तिथे येऊन बसलेले. पोल वाकतो तेव्हा सगळा जोर राळेकडून धाग्याकडे जातो तो या पट्ट्यावरून. पट्ट्याने हात सोडला की धागे वेगळे, राळ वेगळी, आणि पोल म्हणजे नुसता काड्यांचा भारा. हा पट्टा कुणाला दिसत नाही. म्हणून सीमाबाई कॉम्प्युटरात त्याचं मॉडेल उभं करायची: इथे ताठपणा किती, पकड किती, कितव्या वाकण्याला पहिली भेग जाईल आणि ती कुठे पळेल. इतकं बारीक बघायची सवय लागली होती की बाजारात भाजी घेतानाही ती देठ आणि फळ यांच्यामधल्या जागेकडे टक लावून बघे, आणि भाजीवाला बिचारा ओशाळून दुसरं फळ काढून देई.

तिला एक मुलगी होती. उंच, काटकुळी, नुसते गुडघे आणि कोपरं जोडून तयार केलेली. घरी तिला टोळ म्हणत. रांगायच्या आधी तिने पाळण्यावरून उडी मारली असं सासूबाई सांगतात, आणि तेव्हा पाळणा हलला नाही असंही सांगतात. आता ती पोल घेऊन उडायची आणि चांगलीच उडायची. वरच्या संघाची निवड तोंडावर आली होती. एक ठरावीक उंची पार केली की निवड. पण पोरगी वर्षभरात अशी वाढली की जुना पोल तिच्या वजनाखाली दोरीसारखा लोळायला लागला.

नेमकी त्याच वेळी कारखान्यात नवी राळ आली. भट्टीकाकांनी त्या राळेचा पहिला पोल टोळसाठीच भाजला. "पहिला घास घरच्या पोरीला," म्हणाले. रीतीप्रमाणे तो दोन टेकूंवर ठेवला, मधे वजन टांगलं, वाकला तेवढा मोजला, वजन काढलं. पोल सरळ. पास. टोळ तो खांद्यावर टाकून घरी घेऊन गेली. वाटेत एका दुकानाच्या पाटीला टोक लागलं आणि पाटीवरचं एक अक्षर खाली पडलं, पण ते निराळं.

मॉडेलचा निकाल यायला मात्र वेळ लागला. जुन्या राळेच्या वेळी पकडीचे आकडे धाग्याच्या कंपनीने कळवले होते. या वेळी सीमाबाईने ते स्वतःच्या हाताने काढले होते. एकच धागा ताणून धरायचा, त्यावर राळेचा टिचभर थेंब सोडायचा, थेंब भट्टीत पक्का करायचा आणि मग दोन पात्यांच्या मधून धागा ओढायचा. थेंब पात्यांना अडतो. किती जोराला तो धाग्यावरून घसरतो तो आकडा म्हणजे पकड. तो आकडा मॉडेलला खाऊ घातला की मॉडेल कामाला लागतं.

निवडीच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी मॉडेल जेवून उठलं आणि बोललं. पडद्यावर पोल वाकला. निळ्या पट्ट्यात एक लाल ठिपका उगवला. पुढच्या वाकण्याला त्याला शेजारी मिळाले. आणखी काही उड्यांनी लाल रेघ धाग्याच्या कडेकडेने पळत सुटली, आणि टोळ सरावाला जेवढ्या उड्या मारते तेवढ्याही व्हायच्या आत पोल कॉम्प्युटरात उभाच्या उभा चिरला.

सीमाबाईने पट्टा जाड करून बघितला, पातळ करून बघितला. लाल रेघेने फक्त रस्ता बदलला, मुक्काम तोच ठेवला. तेव्हा ती उठून भट्टीपाशी गेली.

"काका, टोळचा पोल जाणार."

"कुठे जाणार?"

"तुटणार. वर हवेत असताना."

काकांनी हातमोजे काढले. "सीमाबाई, मी तो या हातांनी वाकवलाय."

"एकदा वाकवलात."

"जो एकदा वाकतो तो पुन्हा वाकतो."

"प्रत्येक वेळी आतून थोडा सुटतो काका. बाहेरून कळत नाही. कळतं तेव्हा मूल खाली येत असतं."

काकांनी काढलेले हातमोजे पुन्हा चढवले. मग म्हणाले, "तिला सांगायला हवं. तुम्ही सांगा. मला त्या पोरीची भीती वाटते."

घरी टोळ गॅलरीत बसून पोलाच्या मुठीला पट्टी गुंडाळत होती. पलीकडे सासूबाई काठी मांडीवर घेऊन रस्त्यावरच्या लोकांना मनातल्या मनात नावं ठेवत होत्या.

"उद्या या पोलवर उडायचं नाही," आई म्हणाली.

"बरं. मग कशावर उडू, लाटण्यावर?"

"जुना घे."

"जुन्यावर उडले तर गादीवर नाही पडणार, गादीच्या पलीकडे पडेन. सरांनी त्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय." टोळने पट्टी दाताने तोडली. "काय झालं काय?"

आईने सांगितलं. पट्टा, ठिपका, लाल रेघ. टोळने सगळं ऐकून घेतलं, कारण ती लहानपणापासून गोष्टींच्या ऐवजी हेच ऐकत आली होती.

"आई, मागे तुझ्या मॉडेलने सांगितलं होतं की आजीची काठी मोडणार. आजी, मोडली का गं?"

"मोडेल कशी," सासूबाई म्हणाल्या, "मी तिच्यावर टेकतेच कुठे. नुसती आपटते."

"ते मॉडेल कच्चं होतं," आई म्हणाली. "हे पक्कं आहे."

"कच्चं होतं तेव्हाही तू असंच म्हणाली होतीस." टोळ उठली, पोल भिंतीशी आडवा ठेवला आणि जेवायला बसली. बोलणं तिथेच संपलं.

आईचं संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडलं, सगळे झोपेत, आणि तिने ठरवलं की पोल लपवायचा. आता तो काही दागिना नव्हता. पलंगाखाली घातला तर दोन्ही बाजूंनी पाय काढून झोपला. आतल्या खोलीत न्यावा तर पुढचं टोक खिडकीबाहेर आणि मागचं न्हाणीघरात. बाहेरच्या टोकावर शेजाऱ्याने, चला खुंटी आली, म्हणून आपली टोपी अडकवली. ती टोपी परत देण्यात बराच वेळ गेला. शेवटी तिला सुचलं. गॅलरीत कपडे वाळत घालायची आडवी काठी होती. ती काढून तिच्या जागी पोल बांधला आणि त्यावर धुतलेल्या चादरी टाकल्या. काम फत्ते. जगात कुणी पोलाचा संशय घेतला नसता.

टोळ दात घासत बाहेर आली, चादरींखालून वाकून एकदा गेली, एकदा परत आली. सगळं घर शोधलं. तेवढ्यात सासूबाईंनी आपलं ओलं ब्लँकेट आणून चादरींवर टाकलं.

"ही नवी काठी छान आहे हो," त्या म्हणाल्या. "ओलं ब्लँकेट टाकलं तरी जरासुद्धा वाकली नाही. आधीची मेली कुरकुरायची."

टोळने चादर उचलून बघितलं. मग आत आली आणि आईसमोर खुर्ची ओढून बसली. आईला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. पण पोरगी हळू आवाजात बोलली.

"आई, तू खरंच घाबरलीयेस?"

"हो."

"मग मला आकडा नको. मोडलेलं काहीतरी दाखव. माझी उडी दुपारी आहे. तोवर दाखवलंस तर मी नाव मागे घेते. तोंड वाकडं न करता घेते. पुढच्या वर्षी बघू."

"आणि नाही दाखवता आलं तर?"

"तर तू स्वतः पोल घेऊन मैदानावर यायचं. मला तो न्यायला घरी यायला लावायचं नाही."

पुढच्या वर्षी बघू, हे टोळने इतक्या समजूतदारपणे म्हटलं की आईला तिचा आरडाओरडा परवडला असता. या उडीसाठी पोरगी वर्षभर पहाटे उठत होती. आणि समोर लाल रेघ. आईने पायांत चपला अडकवल्या आणि कारखाना गाठला.

कारखान्याला सुट्टी होती, पण भट्टीकाका आलेले होते. त्यांना घरी करमत नसे. घर गार असतं म्हणायचे. तिने टोळची अट सांगितली.

"मोडलेलं दाखवायचं तर पोलच मोडायला हवा," काका म्हणाले. "आणि पोल मोडला तर उडायला काय उरलं?"

"तुकडा कुठे आहे?"

या कारखान्याची एक रीत होती. प्रत्येक पोल लागतो त्यापेक्षा लांब भाजायचा आणि भाजून झाला की दोन्ही टोकं कापायची. कापलेले तुकडे खडूने खूण करून एका जुन्या टबात टाकायचे. हंगाम संपेपर्यंत टब कुणी हलवायचा नाही. त्या टबात काय काय होतं ते विचारू नये. एकदा त्यातून एक मांजर, तिची पिल्लं आणि हरवलेला हिशेबनीस बाहेर आला होता, असं काका सांगत. त्या दिवशी मात्र टोळच्या पोलाचा तुकडा वरच होता.

तो त्यांनी वाकवायच्या यंत्रात घातला. तुकडा आखूड, म्हणून टेकू जवळ घेतले आणि आतल्या पट्ट्यावर उडीइतकाच ताण येईल असा हिशोब करून दाब लावला. यंत्र वाकवायचं, सोडायचं. वाकवायचं, सोडायचं. मॉडेलने पहिली भेग सांगितली होती तो क्षण आला. सीमाबाईने कान तुकड्याशी नेला. राळ सुटताना आतून बारीक कट्‌ असा आवाज येतो. आला नाही. लाल रेघ पळायची वेळ आली आणि गेली. पोल चिरायची वेळही गेली. यंत्र आपलं वाकवतंय, सोडतंय.

"काय म्हणतो?" काकांनी विचारलं.

"काहीच म्हणत नाही."

"मग चांगलं आहे की."

"चांगलं कसं काका? का बोलत नाही ते कळलं पाहिजे. कधीकधी आखूड तुकडा खोटं बोलतो."

बराच वेळ गेला तसे काका कंटाळले आणि त्यांनी विचारून दाब वाढवला, मग आणखी वाढवला. उडीच्या जोराला मागे टाकून यंत्राची सुई इतकी पुढे गेली की तिला तिथली सवय नव्हती, थरथरायला लागली. तेव्हा कुठे धाडकन तुकडा मोडला.

मोडलेल्या तोंडाचा एक कण तिने मायक्रोस्कोपखाली ठेवला. धागे तुटून वर आलेले दिसत होते, आणि प्रत्येक धाग्याला राळेची सालटं चिकटलेली. पावसातून आलेल्या पोराच्या पायाला चिखल चिकटलेला असतो तशी. म्हणजे राळ फाटली होती, धागा तुटला होता, पण मधल्या पट्ट्याने शेवटपर्यंत हात सोडला नव्हता.

मग तिने डब्यातून स्वतःच्या थेंबांच्या परीक्षेतले धागे काढले आणि त्यातला एक शेजारी ठेवला. ज्या जागेवरून थेंब घसरला होता ती जागा शोधायला लागली, तर सापडेना. सालटं नाही, खूण नाही. धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत, चकचकीत, जसा काही न्हाऊन आला आहे.

"काका, एकाच रिळाचे धागे आहेत ना दोन्हीकडे?"

"एकाच. मीच कापून दिले तुम्हाला."

"मग हे इतके स्वच्छ कसे?"

हे तिने विचारलं, आणि विचारून तशीच बसली. डोळा मायक्रोस्कोपला, तोंड उघडं. काकांना वाटलं फीट आली की काय.

झालं असं होतं. काचेचा धागा त्याच्या कंपनीतून निघतानाच त्याला एक लेप देतात. अगदी पातळ. तो लेप एका हाताने काचेला धरतो आणि दुसऱ्या हाताने राळेला. त्याच्याविना काच आणि राळ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. हे सीमाबाईला माहीत नव्हतं असं नाही. तिच्या मॉडेलमध्ये लेपासाठी वेगळा थर होता, त्याला वेगळा रंग होता, त्याच्यावर तिने भाषण दिलं होतं. पण आजवर ती लेपाला फक्त पडद्यावर भेटली होती. या वेळी पहिल्यांदा धागा बोटांत धरला, तर बोटांना जरासं तेलकट, जरासं चिकट लागलं. आणि चिकट लागलं की या बाईचा हात कुठे जातो ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पडद्यावरचा तो देखणा लेप आणि बोटाला लागणारं हे चिकट, ही एकच वस्तू आहे हे तिच्या डोक्यात शिरलंच नाही. तिने धागे अ‍ॅसिटोनमध्ये बुडवले, नखांचा रंग काढतात तेच पाणी, आणि हलवून हलवून स्वच्छ केले. मग त्या उघड्या धाग्यांवर थेंब सोडले, ते भराभरा घसरले, आणि घसरल्याचा आकडा तिने इमानदारीत मॉडेलला दिला. मॉडेलने बिचाऱ्याने काही चुकवलं नव्हतं. धुतलेल्या धाग्यांचा पोल केला असता तर तो खरंच चिरला असता.

"काका," ती म्हणाली, "मी धागे धुतले."

काकांना समजायला क्षणभर लागलं. "धुतले म्हणजे? आंघोळ घातलीत?"

"दोनदा."

"साबण लावून?"

"अ‍ॅसिटोन."

काका उठले, भट्टीच्या मागे गेले आणि तिथे उभे राहून हसले. बाईमाणसासमोर हसायचं नाही म्हणून मागे गेले होते, पण भट्टी पत्र्याची होती आणि ती इतकी घुमली की बाहेर झाडावरचे पक्षी उडाले. डोळे पुसत परत आले तेव्हा म्हणाले, "म्हणजे पोल ठीक आहे."

"पोल ठीक आहे. मीच ठीक नाहीये. भट्टी पेटवा, पुन्हा थेंब सोडायचेत."

"आता कशाला? तुकड्याने सांगितलं की."

"काका, त्या पोलवर माझी पोर चढणार आहे."

काकांनी बाह्या वर सारल्या. भट्टी पेटवली.

सीमाबाईने रिळावरून नवा धागा ओढला. बोटांना चिकट लागलं. तिने ओठ दाबले. हात आपोआप अ‍ॅसिटोनच्या बाटलीकडे निघाला, तो दुसऱ्या हाताने धरून परत आणला. काकांनी बाटली उचलून खिडकीबाहेर ठेवली. कपाळावर घाम जमला, पण धागा न धुता ताणला गेला, त्यावर थेंब बसले आणि भट्टीत गेले. थेंब इवलेसे, म्हणून लवकर पक्के झाले. पात्यांत धागा घातला, ओढायला सुरुवात केली. पहिला थेंब घसरलाच नाही, धागाच तुटला. दुसऱ्याचंही तेच. तिसरा जरा लहान सोडला होता, तो घसरला, पण कसा, तर खुर्ची सोडायला सांगितलेल्या पुढाऱ्यासारखा. त्याच्या मागोमाग आणखी दोघे तसेच. आकडा जुन्या आकड्याच्या कितीतरी वर.

नवा आकडा मॉडेलला दिला. पडद्यावर पोल वाकला, सरळ झाला, वाकला, सरळ झाला. निळा. टोळच्या सगळ्या सरावाइतका वाकला, निळा. सीमाबाई पालथ्या बादलीवर बसली. कालपासून मानेत काहीतरी आवळून बसलं होतं, ते सुटलं, आणि तिला एकदम भूक लागली. काकांनी डबा पुढे केला. तिने हात न धुता खाल्लं. काकांनी ते बघितलं, पण कुणाला सांगितलं नाही. कुणी विश्वास ठेवला नसता.

पोल अजून गॅलरीत चादरी वाळवत होता. सासूबाईंनी ब्लँकेट उचलायला साफ नकार दिला, ते ओलं आहे म्हणाल्या. पोल मैदानावर न्यायचाय असं कळल्यावर त्या ब्लँकेट खांद्यावर टाकून स्वतःच काकांच्या गाडीत जाऊन बसल्या. पोल गाडीच्या टपावर बांधला. तो पुढून इतका पुढे आणि मागून इतका मागे होता की वळणावर गाडी एका रस्त्याला लागायची आणि पोल दुसऱ्या. एका चौकात पोल आधी पोचला आणि गाडीला थोडा वेळ वाट बघायला लावली.

मैदानावर टोळ बाकावर एकटी बसली होती, बूट घालून. बाकीच्या मुली उड्या मारत होत्या. आई समोर येऊन उभी राहिली आणि पिशवीतून मोडका तुकडा काढून तिच्या हातात दिला.

टोळने तो फिरवून बघितला. चेहरा पडला, पण शब्दाला जागली. "ठीक आहे," म्हणाली. "कितव्या वाकण्याला?"

"मोजणं सोडून दिलं. कंटाळून दाब वाढवला, तेव्हा मोडला. तू आणि आजी आणि काका, तिघं मिळून लटकलात तरी त्याच्या निम्मा जोर व्हायचा नाही."

टोळने वर बघितलं. "मग तुझी लाल रेघ?"

"माझी चूक होती. परीक्षेच्या आधी धागे धुतले मी. जे मोजायचं तेच धुऊन टाकलं."

"काय केलं?" मागून सासूबाईंनी विचारलं. त्यांना एका कानाने कमी ऐकू येई, आणि तो कान कुठला ते त्या सोयीनुसार ठरवत.

"धागे धुतले, आजी."

"एवढंच ना," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं काहीतरी नवीन केलं."

टोळ हसली नाही. तुकडा आईला परत दिला आणि विचारलं, "आता घाबरलीयेस?"

आईने खरं काय ते शोधलं. "उडीची भीती वाटते. ती नेहमीच वाटते. पोलाची नाही."

"एवढं चालेल," टोळ म्हणाली आणि पोल सोडवायला गाडीकडे पळाली.

तिची पाळी आली तेव्हा दांडी निवडीच्या उंचीवर होती. पहिल्या उडीत पोरगी नव्या पोलाच्या ताठपणाला बिचकली आणि धावत जाऊन नुसतीच थांबली. दुसऱ्या उडीत वर गेली, पण गुडघ्याने दांडी पाडली. तीनांतली एकच उरली. काकांनी डोळ्यांवर हात ठेवला. सासूबाईंनी ब्लँकेट डोक्यावरून घेतलं. सीमाबाईने मात्र डोळे उघडे ठेवले. ठेवावेच लागले, कारण हा पोल बरा आहे असं तिनेच सांगितलं होतं.

टोळ धावली. पोल दांडीखालच्या खोबणीत रुतला आणि वाकायला लागला. वाकला, आणखी वाकला, इतका की दोन टोकं एकमेकांची विचारपूस करतील असं वाटलं. त्या क्षणी आत कोट्यवधी धागे ओढले जात होते आणि प्रत्येकाभोवती तो केसाच्या हजाराव्या कापाएवढा पट्टा हात घट्ट धरून होता. मग पोल सरळ झाला आणि पोरीला वर फेकलं. ती दांडीवरून गेली, अंगरखा काढून टाकावा तशी पोलाला मागे सोडून. वर ती इतका वेळ राहिली की काकांनी बोटांच्या फटीतून बघितलं, बघून पुन्हा हात ठेवला, पुन्हा काढला, आणि तरी ती वरच होती. मग गादीवर पडली. दांडी जागची हलली नव्हती. पोल शेजारी पडला होता, सरळ, अखंड.

"झालं का?" ब्लँकेटमधून आवाज आला.

"झालं," सीमाबाई म्हणाली.

पंचांनी टोळला विचारलं, निवड झाली, आणखी वर लावायची का दांडी. टोळने गादीवरूनच मान वळवून बाकांकडे बघितलं. सीमाबाईने हात वर केला, आणखी वर केला, आणि मग कालपासून पहिल्यांदा पाठ बाकाला टेकून नीट बसली.